न आलेले फोन

आमच्या गावच्या कारखान्यात दारापुढचा बर्फ गिळून नळकांड्यातून लांब उडवणारी बर्फफेक यंत्रं तयार होत आणि त्या यंत्राच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका येई, ती मी लिहीत असे. खोकं उघडल्यावर माणूस सगळ्यात आधी जी वस्तू बाजूला भिरकावतो, ती माझी. ही तक्रार नव्हे, बातमी आहे. कारखान्यात येण्याआधी मी गावच्या दैनिकात बातमीदार होतो. दैनिक बंद पडलं तेव्हा एल्व्हेस्टाड कंपनीने मला उचललं, कारण मला वेळेवर मजकूर द्यायची सवय होती आणि दुसरं काही येत नव्हतं.

आमच्या विभागात माणसं दोनच. शब्द माझे, चित्रं व्हर्ना ड्रॉब्नीची. आमची खोली बॉयलरला लागून होती. डोक्यावरून वाफेचे पाइप गेलेले. त्यातल्या एका वळणावर कॉफीची किटली बरोब्बर बसे आणि दिवसभर गरम राही. तेव्हा छापलेल्या मजकुराच्या पट्ट्या कापून, गरम मेणावर बसवून पान तयार करायचं. त्या मेणाचा वास अजूनही कुठे आला, तर मी खिशात पट्टी आहे का ते चाचपतो. व्हर्ना एकेक बोल्ट असा काढायची की तिच्या चित्रावर पाना लावावासा वाटे.

म्हातारे एल्व्हेस्टाड होते तोवर सगळं ठीक होतं. ते मधूनच आमच्या खोलीत येऊन कॉफी पीत, नवीन पान डोळ्यांपासून लांब धरून बघत आणि "वाईट नाही" म्हणत. आमच्या मिनेसोटात "वाईट नाही" म्हणजे पदवीदान समारंभच. पण ते निवृत्त झाले आणि अ‍ॅरिझोनाहून ट्रेंट हॅवरकॅम्प नावाचे नवे उपाध्यक्ष आले. ऑगस्टमध्येच लोकरी कोट घालून हिंडत. त्यांनी प्रत्येक विभागाला विचारलं, की तुमचा कंपनीला उपयोग काय, ते दाखवा.

"लाइल, वाईट वाटून घेऊ नका," ते मला म्हणाले, "पण हे पुस्तक वाचतं कोण?"

"ज्यांना अडतं, ते."

"किती जणांना अडतं?"

"पुस्तक वाचल्यावर कोणालाच नाही."

माझ्या मते हे उत्तर बिनतोड होतं. हॅवरकॅम्पनी ते वहीत लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली.

"एका कागदावर चारदोन चित्रं, बाण बिण. इंजिनियर करतील ते. नाताळपर्यंत मला काहीतरी दाखवा. नाहीतर पुढल्या वर्षी हा विभाग ठेवणं कठीण आहे."

मी दुसरीकडे कुठेतरी चिकटलो असतो. पण व्हर्नाचं पेन्शन अगदी तोंडाशी आलं होतं, आणि त्या गावात बोल्टांची चित्रं काढायची दुसरी नोकरी नव्हती. मी तिला बातमी सांगितली तेव्हा ती एका स्प्रिंगचं वेटोळं काढत होती. ते पूर्ण करूनच तिने मान वर केली.

"मग दाखव की काहीतरी," ती म्हणाली. "तू शब्दवाला."

आता अडचण अशी. दैनिकात असताना मी जे घडलं ते लिहायचो. आग लागली, तलाव गोठला, महापौर घसरले. कारखान्यात माझ्या कामाचं फळ म्हणजे जे घडत नाही ते. बोट कापलं गेलं नाही. यंत्र अडलं नाही. गिऱ्हाइकाने वैतागून कंपनीला फोन केला नाही. हे दाखवायचं कसं? तरी मी फोनच्या खोलीत गेलो. तिथे डॉरीन बसायची. गिऱ्हाइकांचे फोन ती घ्यायची आणि मध्ये मिळेल त्या वेळात नातवंडांना मोजे विणायची.

"डॉरीन, आज सकाळपासून किती फोन आले नाहीत?"

तिने सुई थांबवून माझ्याकडे बघितलं. "पुष्कळ," ती म्हणाली. "कालपेक्षा जास्तच आले नसतील. घरी बायकोशी भांडण झालंय का तुझं?"

शुक्रवारी संध्याकाळी माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये तळलेला मासा खायला सारं गाव जमतं. तिथे माझी अडचण सांगितली म्हणण्यापेक्षा ती आधीच पोचली होती. आमचा शेजारी ऑर्व्हिल क्नुटसन थाळी घेऊन समोर येऊन बसला. ऑर्व्हिल हा जन्मजात सल्लागार. गावात कोणाचं बॉनेट उघडं दिसलं की हा गाडी थांबवतो.

"अरे सोपं आहे," तो म्हणाला. "पुस्तकातलं एक पान काढून टाक. फोन वाजायला लागतील, साहेब घाबरेल, मग पान परत घाल."

टेबलावरच्या सगळ्यांना हे पटलं. कुठलं पान काढावं यावर चर्चा सुरू झाली. ज्यांनी आयुष्यात ती पुस्तिका उघडली नव्हती, त्यांचीही ठाम मतं होती.

"ऑर्व्हिल, तू वाचलंयस ते पुस्तक?" मी विचारलं.

"मी कशाला वाचू? मला यंत्र येतं." तो दुखावला होता. "माझ्या बापाला येत होतं."

सोमवारी मी ही सूचना, केवळ नोंद म्हणून, व्हर्नाला सांगितली. ती पुस्तिका उलगडून बसली.

"कुठलं काढतोस? हे काढलंस तर माणूस अडकलेला बर्फ काठीऐवजी हाताने काढेल. ती पाच बोटं मी काढलीत, मला ती पाचच हवीत. हे काढलंस तर पेट्रोल चालू इंजिनात ओतेल. मुखपृष्ठ काढ. तिथे काही नाही, आपली नावंही नाहीत."

मग मला प्रात्यक्षिकाची कल्पना सुचली. आजवरच्या माझ्या सगळ्या कल्पनांत ही दिसायला सर्वांत निरुपद्रवी होती. एक अगदी अजाण माणूस घ्यायचा. त्याच्यापुढे खोक्यातलं यंत्र पुस्तकाशिवाय ठेवायचं. त्याची फजिती होईल. मग दुसरं खोकं पुस्तकासकट द्यायचं, त्याला जमेल. हॅवरकॅम्प डोळ्यांनी बघतील. संपलं.

पहिला अडथळा म्हणजे अजाण माणूस. आमच्या गावात अज्ञानाची टंचाई आहे असं मी एरवी म्हटलं नसतं. पण बर्फफेक यंत्राच्या बाबतीत एकही अडाणी सापडेना. जो तो कारखान्यात काम केलेला, नाहीतर तिथल्या कोणाचा तरी मेहुणा. बँकेच्या कॅशियरबाईंना विचारलं, तर त्या उन्हाळ्याच्या सुटीत गियर बसवायच्या. पाद्र्यांना विचारलं, तर ते खाली मान घालून म्हणाले, "कार्ब्युरेटर सोडला तर बाकी सगळं येतं."

दुसरा अडथळा कंपनी. सुरक्षा विभाग म्हणाला, बाहेरच्या माणसाने आवारात यंत्राला हात लावायचा नाही. मग मी त्याला एका दिवसापुरतं नोकरीवर घ्यायचं सुचवलं. कामगार विभाग म्हणाला, घेऊ, पण डोळे आणि कान तपासून. युनियन म्हणाली, जोडणी हे सभासदांचं काम आहे. परक्याने एक नट फिरवला तरी आम्ही काम बंद करू. मी म्हटलं, तो नट फिरवू शकणार नाही हेच तर दाखवायचंय. ते म्हणाले, मग फिरवायला लावताच कशाला?

शेवटी आवाराबाहेर, ल्युथरन चर्चच्या मोकळ्या जागेत करायचं ठरलं. पाद्र्यांनी परवानगी दिली. छपरासाठी निधी हवाच होता, तेव्हा महिला मंडळ जेवण ठेवेल म्हणाले. महिला मंडळाने जेवण ठेवलं म्हटल्यावर गाव येणार. गाव येणार म्हटल्यावर शाळेचा बँड येणार. माझं दहा मिनिटांचं प्रात्यक्षिक आता चर्चच्या पत्रकात "बर्फफेक मेळावा" म्हणून छापून आलं. खाली पदार्थांची यादी होती. माझं नाव नव्हतं.

अजाण माणूस शोधला माझ्या बायकोने. मार्लिस गावच्या वाचनालयात होती.

"एक बाई आल्या होत्या," ती म्हणाली. "बर्फावरचं पुस्तक मागत होत्या. आयुष्यात बर्फ बघितला नाही म्हणे."

"कोण?"

"विनिफ्रेड हॅवरकॅम्प. तुझ्या साहेबाची आई. मुलाकडे राहायला आल्यात."

मी म्हटलं, नको. मार्लिस म्हणाली, मग मी चहाला बोलावलंय त्याचं काय करू? चहाला आलेल्या बाई ताठ, बारीक, उन्हाने तांबूस झालेल्या होत्या. अ‍ॅरिझोनात त्यांनी जन्मभर शाळेत शिवण शिकवलं होतं. मी सगळं सांगितलं. तो त्यांचाच मुलगा आहे हेही चाचरत सांगितलं.

"ट्रेंटला आधी कळवायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "तो समिती नेमेल."

त्या शनिवारी हवा स्वच्छ आणि बोचरी होती, बर्फाचा अजून पत्ता नव्हता. टेबलांवर महिला मंडळाने हॉटडिशच्या थाळ्या मांडल्या होत्या, म्हणजे खाली खिमा, वर बटाट्याचे खमंग गोळे. पलीकडे लिंबाच्या वड्या. हॅवरकॅम्प दोन कोट घालून आले आणि हातात थाळी घेऊन टेबलाशी उभे राहिले. आपली आई पाना घेऊन खोक्यापुढे उभी आहे हे दिसल्यावर त्यांचा काटा हवेतच राहिला.

"आई? तू इथे काय करतेस?"

"तुझ्या कंपनीचं काम," बाई म्हणाल्या.

पहिलं खोकं उघडलं. पुस्तक मी काढून घेतलं होतं. बाईंनी एक नळकांडं उचललं, उलटंसुलटं बघितलं, खाली ठेवलं. मग एक दांडा उचलला. बरोबर हीच फजिती मला हवी होती. मी हॅवरकॅम्पकडे बघितलं आणि तेवढ्यात सगळं हातचं गेलं.

आमच्या माणसांची एक खोड मी हिशेबात धरली नव्हती. शेजारी काम करताना अडलाय आणि आपण खिशात हात घालून बघतोय, हे आमच्याकडच्या पुरुषाला सोसत नाही. एखाद्याची गाडी खड्ड्यात जाऊ दे, शत्रू असला तरी ढकलायला येतील. ऑर्व्हिल पुढे झाला.

"बाई, तो दांडा जरा इकडे द्या. नुसता धरून ठेवतो."

"ऑर्व्हिल, मागे हो!" मी ओरडलो.

"अरे धरतोय फक्त."

धरता धरता त्याने तो बसवला. दुसऱ्याने नट लावला. तिसरा म्हणाला, असा नाही, उलटा. पाद्री गुडघ्यावर बसले. बघता बघता बाई वर्तुळाबाहेर आणि गावातले सगळे पुरुष वर्तुळात. यंत्र इतक्या झटक्यात उभं राहिलं की बँडने टाळ्यांसाठी वाजवणं थांबवलं. हॅवरकॅम्प थाळी सांभाळत माझ्याजवळ आले.

"लाइल, हे पुस्तकाशिवाय झालं ना?"

मी जोडलेल्या यंत्राकडे बघितलं. ऑर्व्हिलच्या हातात मात्र एक स्प्रिंग उरली होती.

"ही कसली?" कोणीतरी विचारलं.

"जास्तीची," ऑर्व्हिल म्हणाला आणि खिशात टाकली. "कंपनी देते एखादी."

ती जास्तीची नव्हती. त्या वर्षीच यंत्र बदललं होतं. नवीन सोय अशी की हँडलवरचा लिव्हर हाताने दाबून धरला तरच यंत्र चाले. सोडला की ती स्प्रिंग त्याला मागे ओढी आणि सगळं थांबे. व्हर्नाने तिचंच वेटोळं काढलं होतं. गावाने मात्र यंत्र जोडलं होतं बापाच्या आठवणीतलं.

मी पुढे धावलो, पण ऑर्व्हिलने तोवर दोरी ओढली. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. त्याने लिव्हर दाबला. यंत्र दोन पावलं चाललं.

"आणि यंदाचं म्हणे सोडलं की थांबतं," ऑर्व्हिल लोकांकडे वळून म्हणाला आणि दोन्ही हात पसरून त्याने ते सोडलं.

यंत्र थांबलं नाही. ते शांतपणे, जणू निमंत्रण असल्यासारखं, जेवणाच्या टेबलांकडे निघालं. बायका बाजूला झाल्या. टेबलाचा पाय मोडला, पहिली थाळी जमिनीवर आली आणि यंत्राच्या तोंडात गेली. नळकांडं हॅवरकॅम्पांच्या दिशेने वळलेलं होतं. ते पाद्र्यांनी वळवलं होतं, त्यात हेतू काही नव्हता. बटाट्याचे गोळे एक सुंदर कमान करून हवेत गेले आणि उपाध्यक्षांच्या वरच्या कोटावर उतरले. मागून दुसरी थाळी. ऑर्व्हिल यंत्राशेजारून पळत होता.

"चावी! चावी कुठे गेली? वरच असायची!"

तेव्हा माझ्या मागून खणखणीत, शाळामास्तरणीचा आवाज आला. वर्तुळाबाहेर पडलेल्या विनिफ्रेडबाई दुसऱ्या खोक्यावर बसल्या होत्या. माझ्या हातातून पुस्तक त्यांनी केव्हा घेतलं मला कळलं नाही. चष्मा नाकावर होता.

"चावी डाव्या बाजूला, खालच्या अंगाला आहे!"

"कुठली डावी?" ऑर्व्हिल किंचाळला. "माझी की यंत्राची?"

बाईंनी ओळीवर बोट ठेवलं. "'हँडलच्या मागे उभं राहिल्यावर तुमच्या डाव्या हाताला येते ती.' मागे उभे राहा!"

ऑर्व्हिल मागे गेला, हात खाली घातला आणि यंत्र थांबलं. ते एक वाक्य कसं लिहावं यावरून व्हर्ना आणि मी आठवडाभर एकमेकांशी बोललो नव्हतो. मी तिच्याकडे बघितलं. ती लिंबाची वडी खात होती. तिने मान किंचित हलवली.

पण हे आमच्या दोघांखेरीज कोणाच्या ध्यानात आलं? लोक बटाटे कुठवर गेले ते बघायला धावले होते. काही गोळे पार पार्किंगपलीकडच्या कुंपणापर्यंत गेले होते. "ओला बर्फ असाच जाणार बघ," लोक एकमेकांना सांगत होते. "वाईट नाही. मुळीच वाईट नाही." विक्री विभागाच्या माणसाने तिथल्या तिथे यंत्रांची नोंदणी सुरू केली. माझ्या प्रात्यक्षिकातून यंत्र उत्तम असल्याचं सिद्ध झालं. त्याबद्दल शंका नव्हतीच.

मग सगळे साफसफाईला लागले, कारण सांडलेलं तसंच टाकून जाणं हेही आमच्याकडे सोसत नाही. मीही हॅवरकॅम्पांच्या कोटावरून खिमा पुसत होतो. माणसाची प्रतिष्ठा अशा वेळी कुठे असते ते मला माहीत नाही; माझी ओल्या फडक्यात होती. साधारण सगळं आवरलं तेव्हा पाद्री म्हणाले, "अरेच्चा."

दुसरं यंत्र जोडून उभं होतं. शेजारी विनिफ्रेडबाई हात पुसत होत्या. पुस्तक मिटून खोक्यावर ठेवलं होतं.

"कोणी मदत केली, बाई?" ऑर्व्हिलने विचारलं.

"कोणीच नाही. वाचलं आणि केलं."

"हो, पण हात कोणी लावला?"

गावाने आपसात चौकशी केली. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने लावला असेल. ज्या क्षणासाठी मी एवढा खटाटोप केला होता, तो चर्चच्या आवारात सगळ्या गावाच्या पाठीमागे होऊन गेला. मीसुद्धा बघितला नाही.

सोमवारी हॅवरकॅम्पनी बोलावलं. दोन कोटांपैकी खालचा घातला होता.

"आईला दुखापत झाली नाही, म्हणून मी जास्त बोलत नाही," ते म्हणाले. "पण त्यातून तुमच्या विभागाबद्दल काही सिद्ध झालं नाही. नाताळचं आपलं ठरलंय."

व्हर्नाने त्या दिवशी आपल्या पेनच्या निबा धुऊन डबीत ठेवल्या. डबी मात्र टेबलावरच ठेवली.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. सकाळी गाव कमरेइतकं बुडालेलं होतं. अशा दिवशी डॉरीनच्या खोलीत खरी परीक्षा असायची, म्हणून मी तिथे गेलो. हॅवरकॅम्प माझ्या आधीच येऊन उभे होते. शेजाऱ्याने त्यांना गाडीतून सोडलं होतं. फोन गप्प होता. डॉरीन मोज्याची टाच वळवत होती.

"एवढा बर्फ आणि एकही फोन नाही?" हॅवरकॅम्प म्हणाले. "मग तुम्ही इथे करता काय?"

डॉरीनने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. आता आमच्याबरोबर तीही जाणार असं दिसत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. हॅवरकॅम्पनी हात वर करून डॉरीनला थांबवलं आणि स्वतः उचलला. आता गिऱ्हाइकाची अडचण थेट कळेल, असा त्यांचा चेहरा होता.

"एल्व्हेस्टाड कंपनी. काय अडलंय आपल्याला?"

पलीकडचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला.

"ट्रेंट? तू कशाला फोन घेतोस? मला पुस्तक लिहिणाऱ्याशी बोलायचंय."

हॅवरकॅम्पनी फोन कानापासून दूर नेला, त्याच्याकडे बघितलं आणि माझ्या हातात दिला.

"लाइल," विनिफ्रेडबाई म्हणाल्या, "शेवटच्या पानावर लिहिलंय, काही अडलं तर या नंबरावर फोन करा."

"हो. काय अडलं?"

"काही नाही. घरापासून रस्त्यापर्यंत सगळं साफ केलं. शेजारचे तिघे मदतीला आले होते, परत पाठवले. बर्फ सुंदर आहे. काही अडलं नाही तर कोणाला कळवायचं, ते लिहिलेलं नव्हतं. म्हणून इथेच केला."

मी आभार मानले असावेत. बातमीदार असूनही पुढचे शब्द मला आठवत नाहीत. फोन ठेवला. डॉरीनपुढे नोंदीचा कागद होता आणि त्यात तक्रारीचे प्रकार छापलेले होते. तिने पेन्सिल तशीच धरून ठेवली.

"हे कशाखाली लिहू?" तिने विचारलं.

हॅवरकॅम्प खिडकीबाहेर बघत होते. मग घसा साफ करून माझ्याकडे वळले.

"लाइल, त्या पुस्तकाची एक जास्तीची प्रत असेल का?"

"असेल. कोणासाठी?"

"मलाच." त्यांनी आवाज खाली आणला. "आज सकाळी मी यंत्र चालवायला गेलो होतो. आई म्हणाली, वाचल्याशिवाय हात लावायचा नाही."

मी त्यांना आमच्या खोलीत नेलं. व्हर्नाने कपाटातून प्रत काढून दिली आणि पाइपवरची किटली उतरवून, न विचारता, कॉफी दिली. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं. मग दुसरं. नाताळ आला आणि गेला. आमच्या विभागाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. व्हर्ना आपल्या वेळेला, पेन्शन घेऊन, केक कापून निवृत्त झाली.

आता कारखान्याच्या जागी लोक भाड्याने सामान ठेवतात. बॉयलरच्या खोलीत कोणाचे तरी सोफे आहेत. मेळाव्यातलं ते यंत्र ऑर्व्हिलने विकत घेतलं होतं, ते अजून त्याच्याकडे आहे. गेल्या थंडीत मी त्याच्या गॅरेजमध्ये गेलो, तर भिंतीवर खिळ्याला माझी पुस्तिका टांगलेली दिसली, कडा मळलेल्या.

"वाचतोस की काय?" मी विचारलं.

"छे," ऑर्व्हिल म्हणाला. "चित्रं बघतो."

व्हर्नाला मी हे त्याच संध्याकाळी कळवलं. ती बराच वेळ हसली आणि म्हणाली, "वाईट नाही."